कमला निंबकर

कमला विष्णू निंबकर (जन्म : इ.स. १९००, माउंट हॉली, न्यू जर्सी, अमेरिका. मृत्यू : इ.स. १९७९) या अमेरिकेत जन्मलेल्या भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि अपंग पुनर्वसन क्षेत्रातील संघटक होत्या. त्यांचे विवाहापूर्वीचे नाव एलिझाबेथ लंडी असे होते. इ.स. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिली व्यवसायोपचार प्रशिक्षणशाळा सुरू केली. इ.स. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटनेची स्थापनाही त्यांच्याच पुढाकाराने झाली. भारतातील व्यवसायोपचार शाखेच्या संस्थापक म्हणून त्या ओळखल्या जातात. लकवा, अवयव गमावणे, मेंदूचा पक्षाघात किंवा हालचालींमधील समन्वयाचा अभाव अशा अडचणी असलेल्या प्रौढांना आणि मुलांना दैनंदिन कामे पुन्हा किंवा प्रथमच करता यावीत, यासाठी लागणारा प्रशिक्षित वर्ग देशातच तयार करणे, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते.

जन्म आणि पार्श्वभूमी

एलिझाबेथ लंडी यांचा जन्म न्यू जर्सी राज्यातील माउंट हॉली या गावी एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक पंथ आहे. धर्मगुरूंच्या मध्यस्थीविना उपासना, साधी राहणी, युद्धाला विरोध आणि सर्व माणसांची समानता ही त्याची वैशिष्ट्ये होत. माउंट हॉलीचा परिसर या पंथाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. अठराव्या शतकात गुलामगिरीविरुद्ध प्रचार करणारे क्वेकर उपदेशक जॉन वूलमन याच भागातले होते. मनोरुग्णांना साखळदंडात न ठेवता त्यांना सन्मानाने वागवावे आणि नियमित कामात गुंतवावे, हा विचारही क्वेकरांनी इंग्लंड आणि अमेरिकेत चालवलेल्या संस्थांमधून पुढे आला. व्यवसायोपचाराच्या उगमस्थानांपैकी हे एक प्रमुख स्थान समजले जाते.

विवाह आणि भारतात आगमन

अमेरिकेत शिक्षणासाठी गेलेले विष्णू निंबकर यांच्याशी एलिझाबेथ यांचा परिचय झाला. इ.स. १९३० मध्ये त्या भारतात आल्या, विष्णू निंबकर यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि त्यांनी कमला हे नाव स्वीकारले. ते मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष होते. स्वदेशी, सूतकताई आणि ग्रामोद्योग यांची चर्चा त्या वेळी सुशिक्षित मराठी घरांतही होत होती. इ.स. १९३१ मध्ये त्यांचे पुत्र बनबिहारी यांचा जन्म झाला. पुढील आयुष्य त्यांनी भारतात काढले आणि याच देशाला आपली कर्मभूमी मानले.

हाताने केलेल्या श्रमाचे मूल्य हा त्या काळातील राष्ट्रीय विचाराचा एक भाग होता. इ.स. १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या नयी तालीम योजनेत हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम मानले होते. व्यवसायोपचारातही सूतकताई, विणकाम, सुतारकाम, मातीकाम यांचा वापर होत असे; परंतु तेथे हेतू निराळा होता. विणलेले कापड किंवा घडवलेले भांडे हे तेथे गौण असते. माग चालवताना खांदा किती उचलला गेला, करवत ओढताना कोपर किती वाकले, सुई धरताना बोटांना किती काळ ताकद टिकवता आली, याकडे उपचारतज्ज्ञाचे लक्ष असते. म्हणून एकाच मागाची उंची, वजन आणि मूठ प्रत्येक रुग्णासाठी वेगळी जुळवून घ्यावी लागते.

व्यवसायोपचार : संज्ञा आणि अर्थ

ऑक्युपेशनल थेरपी या शास्त्रासाठी मराठीत व्यवसायोपचार किंवा व्यावसायिक उपचार हे शब्द रूढ आहेत. व्यवसाय म्हणजे उदरनिर्वाहाचा धंदा, असा अर्थ मराठी वाचकाला सहज वाटतो आणि त्यामुळे हा उपचार म्हणजे अपंगांना एखादा धंदा शिकवणे होय, असा गैरसमज होतो. येथे व्यवसाय या शब्दाने माणूस दिवसभर ज्या ज्या कृतींमध्ये गुंतलेला असतो त्या सर्व कृती अभिप्रेत आहेत. अंघोळ करणे, कपडे घालणे, जेवणे, लिहिणे, स्वयंपाक करणे, प्रवास करणे आणि नोकरी करणे या प्रौढांच्या कृती झाल्या. लहान मुलाच्या बाबतीत खेळणे आणि शाळेत जाणे हाच त्याचा मुख्य व्यवसाय असतो. औषध आणि शस्त्रक्रिया यांनी रोग आटोक्यात आल्यानंतर उरलेल्या क्षमतेचा उपयोग करून माणसाला या कृतींकडे परत नेणे, हे या शाखेचे काम आहे.

अमेरिकेत या शाखेची राष्ट्रीय संघटना इ.स. १९१७ मध्ये स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनामुळे तिला चालना मिळाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा झपाट्याने विस्तार झाला.

फिलाडेल्फिया येथील शिक्षण

इ.स. १९४० च्या दशकात कमला निंबकर यांनी अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फिया येथील व्यवसायोपचार विद्यालयात शिक्षण घेतले. इ.स. १९१८ मध्ये सुरू झालेले हे विद्यालय त्या देशातील जुन्या आणि प्रतिष्ठित विद्यालयांपैकी एक होते. त्या काळी हेलन विलार्ड या त्याच्या संचालिका होत्या. विलार्ड आणि त्यांच्या सहकारी क्लेअर स्पॅकमन यांनी संपादित केलेले व्यवसायोपचाराचे पाठ्यपुस्तक इ.स. १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक आवृत्त्यांमधून ते जगभर वापरले गेले.

या शिक्षणाच्या वेळी कमलाबाईंनी वयाची चाळिशी गाठली होती आणि त्यांच्यामागे संसार होता. शरीररचना, स्नायूंचे कार्य, मानसशास्त्र आणि विविध हस्तकला यांचा अभ्यास करून त्या भारतात परतल्या, तेव्हा येथे या विषयाचे अभ्यासक्रम नव्हते आणि रुग्णालयांत त्याच्या नियमित जागाही नव्हत्या. परदेशात शिकलेल्या एकट्या तज्ज्ञाने काही रुग्णांवर उपचार करणे शक्य होते. पण त्या तज्ज्ञाबरोबरच ते काम थांबले असते. त्यामुळे उपचारकेंद्राबरोबर शिक्षणसंस्था हवी, असा मार्ग त्यांनी निवडला.

के.ई.एम. रुग्णालयातील प्रशिक्षणशाळा

इ.स. १९५० मध्ये मुंबईतील परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. मुंबई महानगरपालिकेचे हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय इ.स. १९२६ मध्ये सुरू झाले होते. महाविद्यालयात भारतीय अध्यापकच नेमावेत, अशी देणगीदारांची अट होती. गिरणगावाच्या मध्यभागी असलेल्या या रुग्णालयात कामगार आणि त्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने उपचारांसाठी येत. यंत्रात हात सापडलेला गिरणीकामगार, रेल्वे अपघातात पाय गमावलेला तरुण, क्षयातून बरा होत असलेला रुग्ण आणि पोलिओने पाय लुळे पडलेले मूल या सर्वांच्या बाबतीत शस्त्रक्रिया किंवा औषधोपचार संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरत असे. रुग्णालयातून घरी पाठवलेला माणूस घरात परावलंबी होऊन राहत असेल, तर उपचार अर्धेच झाले, ही या शाळेमागील भूमिका होती.

शाळा महानगरपालिकेच्या सामान्य रुग्णालयात असल्याचे दोन परिणाम झाले. विद्यार्थ्यांना सर्व प्रकारचे रुग्ण एकाच ठिकाणी पाहता आले. शिवाय हे शास्त्र वैद्यकीय शिक्षणाच्या चौकटीत आले. रुग्णांचे मन रमवण्यासाठी चालवलेले हस्तकलेचे वर्ग, एवढीच त्याची ओळख राहिली नाही. प्रारंभीच्या काळात पदविका देणारा हा अभ्यासक्रम पुढे पदवी आणि पदव्युत्तर पातळीपर्यंत गेला.

इ.स. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय शारीरिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पोलिओग्रस्त मुलांसाठी फातेमा इस्माईल यांनी इ.स. १९४७ मध्ये मुंबईत काम सुरू केले होते. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाल्यावर तिच्या उपचारांसाठी करावी लागलेली धडपड या कामाच्या मुळाशी होती. त्यांच्या संस्थेचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय पुढे हाजी अली येथेच उभे राहिले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबई हे देशातील पुनर्वसनकार्याचे प्रमुख केंद्र बनले. अशा केंद्रांना प्रशिक्षित माणसे पुरवण्याचे काम के.ई.एम. येथील शाळेने केले.

अखिल भारतीय संघटना आणि जागतिक महासंघ

इ.स. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली आणि कमला निंबकर तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झालेल्या बैठकीतून व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ अस्तित्वात आला. त्याच्या दहा संस्थापक सदस्यदेशांमध्ये भारताचा समावेश होता. पहिली शाळा सुरू होऊन दोनच वर्षे झालेली असताना मिळालेले हे स्थान महत्त्वाचे ठरले. त्यामुळे भारतीय अभ्यासक्रमाला आंतरराष्ट्रीय निकषांशी जोडून घेता आले आणि येथील पदवीधरांना परदेशात काम व उच्चशिक्षण यांची वाट मोकळी झाली. त्याची दुसरी बाजू म्हणजे प्रशिक्षित तज्ज्ञांचे परदेशी जाणे. ही अडचण या शाखेला पुढेही भेडसावत राहिली.

नागपूर येथील शाळा आणि लेखन

इ.स. १९५८ मध्ये नागपूर येथे व्यवसायोपचाराची दुसरी शाळा सुरू झाली. तिच्या स्थापनेतही निंबकर यांचा वाटा होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या या शाळेमुळे विदर्भातील आणि मध्य भारतातील विद्यार्थ्यांना मुंबईला न जाता हे शिक्षण घेता येऊ लागले. मुंबईत पुढे नायर आणि शीव येथील महानगरपालिका रुग्णालयांशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही व्यवसायोपचाराच्या शाळा निघाल्या.

पुनर्वसन या विषयावर आशियातील कार्यकर्त्यांना एकमेकांचे अनुभव कळावेत, यासाठी चालवल्या जाणाऱ्या इंग्रजी नियतकालिकाचे संपादन निंबकर यांनी केले. भारतातील पुनर्वसन आणि व्यवसायोपचार यांचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, इ.स. १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. या क्षेत्राच्या प्रारंभीच्या काळाची माहिती देणारे ते एक महत्त्वाचे साधन आहे.

मुलांच्या हालचालींतील समन्वय आणि सामूहिक उपचार

निंबकर यांनी काम सुरू केले तेव्हा मुलांच्या पुनर्वसनात पोलिओ हा सर्वांत मोठा प्रश्न होता. लसीकरणामुळे भारतातील पोलिओचे प्रमाण घटत गेले, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. या काळात व्यवसायोपचारतज्ज्ञांकडे येणाऱ्या मुलांचे स्वरूप बदलले. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, अध्ययनातील अडचणी आणि हालचालींमधील समन्वयाचा विकासात्मक दोष असलेली मुले आता त्यांच्याकडे येतात.

यांपैकी शेवटचा दोष बराच काळ दुर्लक्षित राहिला. अशा मुलाची बुद्धी सर्वसाधारण असते आणि स्नायूंमध्ये लकवा नसतो. तरीही सदऱ्याची बटणे लावणे, बुटाची नाडी बांधणे, डबा उघडणे, चेंडू झेलणे, ओळीत अक्षरे काढणे या गोष्टी त्याला वयाच्या मानाने फार अवघड जातात. घरी आणि शाळेत त्याला धांदरट किंवा आळशी ठरवले जाते. मूल खेळातून अंग काढून घेते, सराव आणखी कमी होतो आणि मागे पडण्याचे चक्र सुरू होते. शालेय वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांमध्ये हा दोष असतो, असे मानले जाते. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याला स्वतंत्र नाव इ.स. १९८७ मध्ये मिळाले.

या विषयाच्या अभ्यासात अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स (इ.स. १९२०–१९८८) यांचे कार्य मूलभूत समजले जाते. शरीराचा तोल, स्नायू आणि सांधे यांची जाणीव, स्पर्श व दृष्टी यांतून येणाऱ्या संवेदनांची मेंदू कशी सांगड घालतो, याचा त्यांनी अभ्यास केला. इ.स. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने संवेदी एकात्मीकरणाचा सिद्धान्त जगभर पोहोचला. या पद्धतीच्या परिणामकारकतेविषयी मतभेद आहेत. मुलाला जे काम जमत नाही तेच काम टप्प्याटप्प्याने शिकवणाऱ्या पद्धतींना अलीकडील संशोधनाचा अधिक आधार मिळालेला आहे.

समन्वयाचा दोष असलेल्या मुलांवर एकेकट्याने उपचार करता येतात, तसेच लहान गटातही करता येतात. गटाच्या सत्राची रचना साधारणपणे ठरलेली असते. आरंभी सर्व शरीराच्या हालचालींचे खेळ घेतले जातात : रांगत बोगद्यातून जाणे, आखलेल्या रेषेवरून चालणे, अडथळे ओलांडणे, लंगडी घालणे. त्यानंतर डोळे आणि हात यांचा मेळ लागणारे खेळ येतात. लगोरी रचणे आणि पाडणे, सागरगोटे झेलणे, मणी ओवणे असे घरगुती खेळ त्यासाठी उपयोगी पडतात. शेवटी पिशवी भरणे, नाडी बांधणे, पट्टीने रेघ मारणे यांसारखे रोजच्या जीवनातील एखादे काम घेतले जाते. खेळ सर्वांचा एकच असला, तरी त्याची पातळी प्रत्येक मुलासाठी वेगळी असते. एखाद्या मुलाने लगोरी तीन पावलांवरून फोडायची असते, तर दुसऱ्याने आठ पावलांवरून. मागाची उंची रुग्णाप्रमाणे बदलण्याचे जुने तत्त्वच येथे निराळ्या रूपात दिसते.

गटाचे काही फायदे एकेकट्या उपचारात मिळत नाहीत. मूल दुसऱ्याचे पाहून कृती शिकते, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते आणि आपल्यासारखीच अडचण इतरांनाही आहे, हे त्याला कळते. शाळेच्या मैदानावर ज्याला संघात कोणी घेत नाही, त्याला येथे खेळायला मिळते. पालकांनाही परस्परांशी बोलता येते आणि कमी तज्ज्ञांमध्ये अधिक मुलांपर्यंत पोहोचता येते. मात्र फार घाबरणाऱ्या किंवा अधिक गंभीर दोष असलेल्या मुलाला आधी स्वतंत्र उपचाराची गरज असू शकते.

महाराष्ट्रात अशी सेवा मोठ्या शहरांतील शासकीय व महापालिका रुग्णालयांत, विशेष शाळांत आणि खासगी बालविकास केंद्रांत मिळते. पुण्याच्या पश्चिमेकडील बावधनसारख्या नव्याने वाढलेल्या उपनगरांतही अशी केंद्रे दिसतात. इ.स. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या चेता-स्नायविक आणि हालचालींच्या विकासातील विलंबाची तपासणी समाविष्ट आहे. तरीही ग्रामीण भागातील मुलापर्यंत व्यवसायोपचारतज्ज्ञ पोहोचणे अजून दुर्मीळ आहे. प्रशिक्षित माणसे पुरेशी असल्याशिवाय उपचार सर्वांपर्यंत जाणार नाही, हा इ.स. १९५० मधील प्रश्न त्या अर्थाने अद्याप संपलेला नाही.

कुटुंब

कमला निंबकर यांचे पुत्र बनबिहारी विष्णू निंबकर हे कृषिसंशोधक होते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे त्यांनी इ.स. १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. इ.स. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या इंग्रजी लेखिका असून मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या कन्या होत.

वारसा

भारतातील व्यवसायोपचाराचे शिक्षण आज अनेक राज्यांत उपलब्ध आहे. इ.स. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि व्यवसायोपचाराला देशपातळीवर कायदेशीर चौकट मिळाली.

फलटण येथे भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने इ.स. १९८६ मध्ये मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. तिला कमला निंबकर बालभवन असे नाव देण्यात आले. बर्नसन यादेखील अमेरिकेत जन्मून भारताच्या नागरिक झाल्या. जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी मराठी भाषेच्या अध्ययनासाठी पुस्तके लिहिली. कमला निंबकर यांची नात डॉ. मंजिरी निंबकर यांनी या शाळेचे नेतृत्व केले. वेगवेगळ्या सामाजिक स्तरांतील मुलांनी एकत्र शिकावे, हा या शाळेचा आग्रह राहिला आहे.